आईची भूमिका

वीस वर्षं कलकत्त्याच्या नाटक-सिनेमांत वृंदाने मोलकरणी आणि शेजारणीच रंगवल्या. १९७३ साली एका बंगाली सिनेमात तिला पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली, आईची.

सिनेमा लागला त्या पहिल्याच दिवशी ती नवऱ्याला, मुकुंदरावांना, हाताला धरून थिएटरात घेऊन आली. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती.

"दिसलं नाही म्हणून काय झालं? आवाज तर ऐकेन तुझा," ते हौसेने म्हणाले.

पडद्यावरची वृंदा बोलू लागली, पण तो आवाज खुर्चीतल्या वृंदाचा नव्हता. तिच्या बंगालीत मराठी हेल येतो म्हणून तिला न सांगताच दुसऱ्या बाईचा आवाज घातला होता.

मुलाच्या प्रेतावर पडून आईने हंबरडा फोडला. सगळं थिएटर रडू लागलं. मुकुंदरावही डोळे पुसत कुजबुजले, "काय सुंदर काम करतेय गं ही बाई! तू कधी येणार?"

वृंदा त्यांच्या कानाशी वाकली. पडद्यावरची आपली वाक्यं ती रडत रडत, घाईघाईने स्वतःच्या आवाजात म्हणू लागली.

मागच्या रांगेतून कुणीतरी खेकसलं,

"ओ दीदी, गप्प बसा ना! आईला बोलू द्या."