वाढवलेली ताकद

चढावर बायकोने पुढचा ट्रक ओलांडायला गाडी बाहेर काढली, तशी शेजारी बसलेल्या नवऱ्याने दाराची मूठ घट्ट पकडली. काल त्याने तिला न विचारता, गाडीची ताकद वाढवायची म्हणून इंटरनेटवरच्या अनोळखी माणसाला दुरूनच इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलू दिला होता. गाडी उसळली, पण ट्रकच्या बरोबरीला येताच इंजिनाने मान टाकली. समोरून बस येत होती. "अहो, ही पळतच नाहीये!" ती किंचाळली. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि तेवढ्या फटीत तिने कशीबशी गाडी कडेला घेतली. बस भोंगा वाजवत निघून गेली. "कालपर्यंत तर धड होती," ती म्हणाली. त्याने खालमानेने सगळं सांगितलं. ती गाडीतून उतरली. मागचं दार उघडून तिने झोपलेल्या लेकीचा पट्टा सोडला, तिला छातीशी धरलं आणि थांबलेल्या ट्रककडे चालू लागली.