बंद मूठ

"मामा, हिला सीट कुठाय?" भाचीने विचारलं.

"ट्रायलच्या गाडीला सीट नसते. बसायचंच नसतं," टर्नर म्हणाला आणि त्याने नव्या गाडीची टाकी फडक्याने पुन्हा पुसली. सव्वाशे सीसीची, सायकलीपेक्षा थोडीच जाड. या वयात हिचं काय करणार, असं दुकानदाराने विचारलं तेव्हा तो 'खेळणार' एवढंच म्हणाला होता. लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस. क्लबात सगळे त्याला टर्नरच म्हणत.

खेळ असा, की दगड, ओंडके, चिखल यांवरून उभ्याने गाडी काढायची. वेगाला किंमत नाही. पाय जमिनीला टेकला की दंडाचा एक गुण. शेजारी पंच उभा असतो. पाय टेकला तर तो एक बोट वर करतो, नाही टेकला तर बंद मूठ.

बावीस वर्षांपूर्वी अंतिम फेरीत, शेवटच्या दगडाच्या डाव्या वळणावर, पंचाने एक बोट वर केलं. टर्नर एका गुणाने हरला. पंच होते त्याच्या सख्ख्या बहिणीचे यजमान. त्या दिवसापासून टर्नर बहिणीच्या घराची पायरी चढला नव्हता. जुनी गाडी त्याने भंगारात घातली. राग पुष्कळांच्या नाकावर असतो. याने तो हत्यारासारखा रोज तेलपाणी करून सांभाळला होता.

"डॉक्टरांनी बाबांचे आठ-पंधरा दिवस सांगितलेत," भाची म्हणाली. "एकदा भेटायला या ना. आई रोज दाराकडे बघत बसते."

"येतो की. भाऊजींनी एकदा म्हणावं, पाय टेकला नव्हता. त्याच पावली येतो."

"ते नाही म्हणणार. त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग त्यांना पुन्हा दाखवू."

त्यासाठीच तर ही गाडी होती. परसात त्याने महिनाभर सराव केला होता. तसाच दगड, तसंच डावं वळण, भोवती पाणी ओतून केलेला चिखल. भाचीने मोबाइल धरला. टर्नर फरशीवरून निघाला, दगडावर चढला, अंग तोलत वळला, उतरला आणि पुन्हा कोरड्या फरशीवर येऊन थांबला. सगळं एका दमात.

"टेकला?"

भाचीने व्हिडिओ लावून पाहिला. मग परत एकदा पाहिला.

"नाही मामा," ती म्हणाली. "तुम्हाला बघायचाय?"

"मी काय बघू? चालवली मीच ना. ज्याने बघायला हवा त्याला पाठव." त्याने डाव्या बुटाचा चिखल पायरीच्या कडेला घासला आणि तो आत गेला.

संध्याकाळी उत्तर आलं. शब्द नव्हते, नुसता फोटो होता. दवाखान्याची चादर, सुई टोचलेला हात, आणि त्या हाताची बंद मूठ.

टर्नरला रडू आलं. बावीस वर्षं ज्यासाठी जीव जळत होता ते तळहाताएवढ्या काचेवर समोर होतं, आणि तरी त्याचं पोट भरेना.

"आता चला," भाची म्हणाली.

"असं गुपचूप नाही चालायचं. माझी शोभा चारचौघांत झाली होती. क्लबाच्या ग्रुपवर टाकू दे त्यांना, मग येतो."

"मामा, त्यांना धड बोलताही येत नाही हो."

"फोटो पाठवता येतो ना?"

भाऊजी शुक्रवारी गेले. ग्रुपवर त्यांनी काहीच टाकलं नाही.

शोकसभा क्लबाच्या हॉलमध्ये झाली. बहीण पहिल्या रांगेत बसली होती. तिने भावाकडे पाहिलं आणि मान वळवली. जो उठे तो एकच सांगे, की या माणसाने कधी कुणाचा पाय सोडला नाही, कधी कुणावर खोटं बोट उचललं नाही. टर्नरला ते ऐकवेना. तो उठला.

"एकदा चुकले होते ते," तो म्हणाला. "पण जाण्याआधी त्यांनी चूक कबूल केली. मोठाच माणूस. माझ्याकडे पुरावा आहे. लाव गं तो व्हिडिओ, मोठ्या पडद्यावर."

"मामा, नको." भाचीने फोन छातीशी धरला. "मूठ मिळाली ना तुम्हाला? झाकलेलीच राहू दे."

"बावीस वर्षं झाकलेलंच होतं सगळं. लाव."

भाचीने आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले. मग भाचीने फोन जोडला.

पडद्यावर टर्नर फरशीवरून निघाला, दगडावर चढला, डावीकडे वळला. हॉलमधलं खोकणं थांबलं. शेवटच्या रांगेत क्लबाचे सगळ्यांत म्हातारे पंच बसले होते. सवयीने त्यांचा हात उचलला गेला आणि एक बोट वर झालं.