हळदीचा पंजा

अवकाशस्थानकाला सामान पोचवून परतणाऱ्या यानाची गोल टाकी डोंगरकड्याजवळ आमच्या वावरात पडली. नवी वस्तू आली की पंजा उमटवायचा, म्हणून माझ्या बायकोनं, गोजरबाईनं, त्या बंद गोळ्यावर ओल्या हळदीचा हात दाबला. चारच बोटं उमटली. तिची करंगळी मळणीयंत्रात गेलेली.

"आतून बी कुणी हात लावला," ती दचकून म्हणाली.

पाहणीला आलेले साहेब खेकसले, "त्या यानात माणूसच नसतो, बाई!"

"मग कापून दावा," मी चिडून म्हणालो.

त्यांनी कटर लावला. गोळा उघडला. आत, बराबर त्याच जागी, ओल्या हळदीचा पंजा होता. पाच बोटांचा.

गोजरबाई किंचाळली, "अवं, माझी करंगळी ओढून राहिलंय कुणी!"