कच्ची रिंग

ताडपत्री दुकानापुढच्या अंगणभर पसरली आणि काका गुडघ्यांवर टेकून तिच्या काठाकाठानं सरकू लागले. तिसऱ्या कोपऱ्याशी त्यांचा हात थांबला. काठ वीतभर फाटला होता आणि फाटीच्या टोकाला दोरी ओवायची पितळेची रिंग दोन धाग्यांवर लोंबत होती. रिंग त्यांनीच ठोकलेली. आपला हात ओळखायला माणसाला चष्मा लागत नाही.

"एवढीच गेलीय," ड्रायव्हरची बायको म्हणाली. "बाकी धड आहे. चारला गाडी भरायचीय. आजपासून धाकटे दीर नेणार."

"पैलवान कसा आहे?"

ड्रायव्हर अंगानं काडीसारखा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. हातात जोर नाही, तर मालाच्या थप्पीवर उभा राहून तो सगळं अंग मागं झोकून दोरी ओढायचा. गेल्या महिन्यात अशीच ओढली, रिंग उपटून आली आणि तो पाठीवर रस्त्यात पडला.

"कमरेखाली काही नाही. डॉक्टर म्हणतात, आता हे असंच."

काकांनी रिंग मुठीत घेतली. "ही ताडपत्री राहू दे. आत नवी आहे, जाड कापडाची. ती घेऊन जा."

"नवीचं पुढं बघू, काका."

"पैशाचं नाव काढू नकोस. अशीच ने."

"अशीच का?"

काका पुन्हा फाटीवर वाकले.

त्यांच्या दुकानाची एक रीत होती. एरवी काठ तिहेरी दुमडायचा, आत दोर घालून शिवायचा, मग रिंग. पण गाडी खोळंबली असेल तर रिंग नुसतीच कापडात ठोकायची आणि तिला लाल चिंधी बांधायची. चिंधी म्हणजे, बाबा रे, ही कच्ची आहे, हिच्यावर अंग टाकू नकोस. परत आलास की पक्की करून देतो. तीस वर्षं ही रीत चालत आली होती. वर चढलेला ड्रायव्हर दुसरं काही बघत नसे. चिंधी नाही म्हणजे रिंग पक्की.

"पडल्या पडल्या त्यांचं सारखं एकच चालतं," ती म्हणाली. "काकांनी चिंधी बांधली असणारच, मीच आंधळ्यासारखा ओढत बसलो. आज मी निघताना म्हणाले, विचारून ये, कुठल्या बाजूला बांधली होती. तेवढं कळलं की गप्प राहीन म्हणतात."

'होती' म्हणायला कितीसा वेळ लागतो? काकांच्या ओठांपर्यंत आलंसुद्धा. रिंग ठोकली त्या दिवशी फाटकाशी तीन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. पैलवान म्हणाला होता, "काका, आटपा, नाहीतर तुम्हालाच मालावर अंथरतो." काका पोट धरून हसले आणि हसता हसता पुढची ताडपत्री ओढून घेतली. चिंध्यांचा डबा मांडीला लागून होता.

"नव्हती," काका म्हणाले.

"कुठल्या बाजूला?"

"बांधलीच नव्हती, पोरी. विसरलो मी."

ती गुंडाळलेल्या कापडावर खाली बसली. बराच वेळ तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आणखी कोणाकोणाची विसरलात?"

काकांनी रस्त्याकडं पाहिलं. माल झाकलेले ट्रक एकामागून एक चालले होते. निम्म्यांच्या ताडपत्र्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या.

"आठवत नाही."

तीही रस्त्याकडं बघत राहिली.

"मी घरी येतो," काका म्हणाले. "त्याच्या पायाशी बसून सांगतो."

"नका येऊ." तिचा आवाज चढला नाही. "काकांची चूक होत नाही, चूक माझीच, एवढ्या एका गोष्टीवर ते भावाला वर चढू देतायत. तीही काढून घेतली तर गाडी कोण नेणार? आणि आम्ही खायचं काय?"

काकांनी मुठीतली रिंग ताडपत्रीवर ठेवली.

"त्यांना काय सांगायचं ते मी बघते. तुम्ही रिंग बसवा."

काकांनी काठ तिहेरी दुमडला, दोर घातला, दुहेरी टाके घेतले. मग चाळीसच्या चाळीस रिंगा एकेक करून चिमटीत धरून तपासल्या. दर ठोक्याला देवाचं नाव घ्यायची त्यांची सवय. आज नुसतीच हातोडी वाजत राहिली.

चार वाजायला आले तसा दीर आत आला. भावाच्या दुप्पट अंगाचा, हसऱ्या तोंडाचा.

"ओढून बघ," काका म्हणाले. "प्रत्येक रिंग. इथंच, माझ्यासमोर."

"काय काका, तुमच्या हातची रिंग ओढून बघायची? आईनं वाढलेलं ताट कोणी हुंगून बघतं का?"

त्यानं ताडपत्री एका झटक्यात खांद्यावर घेतली. वहिनीनं पुढं होऊन त्याच्यासाठी फाटक उघडून धरलं.