चोरांचा मदतकक्ष

"रीस्टार्ट करून पाहिलंस?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

पाहिलं होतं. लाल अक्षरं क्षणभर गेली आणि आंघोळ करून आल्यासारखी ताजीतवानी परत आली: तुमच्या सर्व फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे. घाबरू नका. किल्लीच्या किमतीसाठी आमच्या मदतकक्षाशी बोला.

किरणोपचार केंद्रातले कंप्युटर सांभाळणाऱ्या त्या पोराला सगळे 'रीस्टार्ट'च म्हणत. कुठल्याही तक्रारीवर त्याचं उत्तर तेवढंच असे, आणि पंचाईत अशी की आजवर ते लागू पडत आलं होतं.

चोर आत आले ते 'पगारवाढ' नावाच्या मेलमधून. केंद्रात पगारवाढ कधीच झाली नसल्यामुळे ती सगळ्यांनी उघडली. एकट्या हिशेबनीसाने उघडली नाही. त्याला खरं काय ते ठाऊक होतं. असल्या मेलींबद्दल रीस्टार्टने आधीच सगळ्यांना सूचना पाठवली होती. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'संशयास्पद मेल उघडू नका'. ती मात्र कुणीही उघडली नव्हती.

"बॅकअप आहे ना पण?" बाई म्हणाल्या.

रीस्टार्टने सर्व्हरकडे बोट दाखवलं. आधीची बॅकअपची डिस्क कुणीतरी लग्नाचे फोटो भरायला घरी नेली होती. म्हणून नवी डिस्क बाईंनी साखळीने सर्व्हरलाच बांधून घेतली होती, चोवीस तास जोडलेली. चोरांनी एका फटक्यात तिच्यातल्या फायलीही बंद केल्या. साखळीला धक्का लागला नव्हता.

बाहेर बाकावर रीस्टार्टची आई बसली होती. मानेतल्या गाठीवरचे निम्मे उपचार झाले होते, निम्मे उरले होते.

"काय रे, मशीन बिघडलं?"

"मशीन ठणठणीत आहे गं."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"त्याला तू आठवत नाहीस."

"म्हणजे तुझ्या बाबांवर गेलंय." आई हसली. मग गिळताना दुखलं म्हणून हसायची थांबली.

किरणांचा डोस ठरवणाऱ्या फिजिसिस्टने त्याला कोपऱ्यात घेतलं. "कितीदा दिले, ते तुझी आईही सांगेल. कुठून, किती खोल, किती जोराने, ते फायलीत. अंदाजाने कमी दिले तर गाठ उरेल. जास्त दिले तर मणक्यातला मज्जारज्जू जळेल."

"दुसऱ्या हॉस्पिटलात नेऊ?"

"ते पहिल्यांदा हीच फाइल मागतील. आणि मध्ये खंड पडला की गाठीचं फावतं, हे तुला सांगायला नको."

सायबर पोलिसांकडून एक साहेब आले. साखळी त्यांनी बराच वेळ निरखली.

"बॅकअपची एक प्रत तरी तोडून, वेगळ्या जागी ठेवायची असते. आणि सगळ्यांच्या हाती सगळ्या चाव्या द्यायच्या नसतात."

"आता काय करू, साहेब?"

"हे पुढच्या वेळेसाठी सांगतोय."

"आणि या वेळेसाठी?"

"पैसे देऊ नका," साहेब म्हणाले आणि टोपी उचलून निघाले.

बाईंनी बाहेरच्या बाकांकडे एकदा पाहिलं आणि पैसे दिले.

मदतकक्ष फार नम्र होता. ज्यांच्याकडून केंद्राने कंप्युटर घेतले होते, त्यांनी कधी इतक्या आदराने उत्तर दिलं नव्हतं. 'रक्कम पोचली. आभारी आहोत. किल्ली पाठवतो.' मग दुपारी: 'जरा तांत्रिक अडचण आहे.' दुसऱ्या दिवशी: 'आमचे साहेब मीटिंगमध्ये आहेत.' त्यानंतर: 'आपला संयम आमच्यासाठी मोलाचा आहे.'

"भाव वाढवतायत मेले," बाई म्हणाल्या.

"मुद्दाम ताणतायत," फिजिसिस्ट म्हणाला. "आपला जीव किती टांगणीला लागलाय, ते त्यांना कळतंय ना."

रीस्टार्टने लिहिलं, 'अजून हवे असतील तर स्पष्ट सांगा.'

'छे छे, गैरसमज नसावा.'

बाहेर आईने स्वेटर मानेभोवती गुंडाळला होता. आता ती बोलत नव्हती, नुसती खुणा करत होती. पाणी नको. बसवत नाही. तू जेव. आत येऊन त्याने खोलीचं दार लावलं. बाकांवर बाकीचेही होते, त्यांच्याही फायली होत्या, हे त्याला माहीत होतं. तरीही त्याने लिहिलं:

'सगळ्या राहू द्या. एकच फाइल उघडून द्या. माझी आई आहे. पाया पडतो.'

बाई मागे उभ्या राहून वाचत होत्या.

पडद्यावर तीन टिंबं उड्या मारू लागली. थांबली. पुन्हा मारू लागली. पलीकडचा माणूस लिहीत होता आणि खोडत होता. "विरघळतोय," बाई पुटपुटल्या, आणि रीस्टार्टच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. मग उत्तर आलं.

'दादा, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. खरं सांगतो, तुमची किल्ली आता आमच्याकडे नाही. तुमचे पैसे आले त्याच दिवशी आमच्या सगळ्या फायलींना कुणीतरी कुलूप घातलं, किल्ल्यांसकट. आम्हीही पैसे भरले, पण ती माणसं साधं उत्तरसुद्धा देत नाहीत. तुमच्या ओळखीत एखादा चांगला कंप्युटरवाला आहे का?'