दोरीपलीकडची खुर्ची

जुन्या वास्तू आणि दुर्मीळ खुर्च्यांच्या त्या जाडजूड चित्रग्रंथात माणूस औषधालाही दिसता कामा नये, असा संपादकांचा हुकूम होता. संगणकावर फोटोंतली माणसं पुसायचं काम ताईचं.

एक म्हातारा मात्र पिच्छा सोडीना. जिन्यावरून पुसला की गच्चीत उभा, गच्चीतून पुसला की दालनात. दर फोटोत आधीपेक्षा जरा जास्त वाकलेला.

"अगं, पुन्हा आलाय तुझा म्हातारा! उद्या पुस्तक छापायला जायचंय," संपादक करवादले.

"पाय दुखत असतील हो त्यांचे," ताई वैतागून बोलून गेली आणि स्वतःच चपापली.

शेवटच्या पानावर संग्रहालयातली वेताची खुर्ची होती. कुणी बसू नये म्हणून समोर दोरी बांधलेली, आणि दोरीच्या अलीकडे तोच म्हातारा उभा. ताईने म्हाताऱ्याला हात लावला नाही, दोरी तेवढी पुसून टाकली.

सकाळी तिने सगळी पानं धुंडाळली. म्हातारा कुठेच नव्हता. खुर्चीची बैठक मात्र मधोमध दबली होती.

संपादकांनी पानं छपाईला धाडली, तसा ताईच्या जिवात जीव आला. ती सुस्कारा टाकणार, इतक्यात पडद्यावरच्या त्या रिकाम्या खुर्चीतून तिच्या आधीच आवाज आला, "हुश्श!"