कार्डाचा दोष

दुकानातल्या गेमिंग लॅपटॉपवर बाबांनी एका घराचं मॉडेल माउसने फिरवून पाहिलं. घर स्क्रीनवर सारखं थरथरत होतं.

"खेळणं आहे हे," चाळीस वर्षं घरांचे नकाशे काढलेले बाबा करवादले. "आमच्या कामाला वर्कस्टेशनचं ग्राफिक्स कार्डच लागतं."

विक्रेता काही बोलणार, तोच मी त्याला नजरेनेच गप्प केलं. "वर्कस्टेशनवाला दाखवा."

त्यावर बाबांनी तेच घर उघडलं, फिरवलं. तेही तसंच थरथरलं.

बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग माउसवरच्या हाताकडे. हळूच तो हात त्यांनी खिशात घातला.

"गेमिंगवालाच घे," ते म्हणाले. "तू तरी खेळशील."